रक्त येतं, पण दुखत नाही: हिरड्यांच्या आजाराचे तुमचे अनुभव सांगा

गेल्या वर्षापर्यंत माझा समज असा, की ब्रश करताना बेसिनमध्ये पडणारा फेस थोडा गुलाबी असतोच. सगळ्यांचाच असेल. रक्त जास्त आलं की मी आणखी मऊ ब्रश आणायचे आणि त्या बाजूला हात आखडता घ्यायचे. दुखत काहीच नव्हतं. मग एका दाढेतलं फिलिंग निघालं म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी फिलिंग राहू दिलं बाजूला. खुणा कोरलेली एक बारीक सळई घेतली आणि दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घालत निघाल्या. एकेका दाताला सहा जागी. त्या आकडे बोलायच्या, मदतनीस मुलगी लिहून घ्यायची. "तीन, दोन, तीन. तीन, दोन, तीन." पाढे चालल्यासारखं. मागच्या दाढांशी आल्यावर "पाच, चार, सहा" सुरू झालं. एका ठिकाणी त्या थांबल्या, सळई काढून परत घातली आणि जरा हळू आवाजात "सात" म्हणाल्या. मला काही कळत नव्हतं, पण हा आकडा बरा नाही एवढं कळलं.

ते मिलिमीटर होते. तीनपर्यंत ठीक. चार आणि पुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा झालाय, आणि त्या खिशात ब्रश पोचत नाही. एक्स-रेमध्ये दोन दाढांच्या मधलं हाड खाली उतरलेलं दिसलं. नुसती हिरडी सुजलेली असते तोवर ती पूर्ववत होते, हाड मात्र गेलं की सहसा परत येत नाही, आहे ते टिकवायचं, असं त्यांनी सांगितलं. मी कमीत कमी पाच वर्षं तो गुलाबी फेस बघत होते.

आता खोल सफाई झालीय. भूल देऊन, एका वेळी तोंडाची एक बाजू, मुळांपर्यंत. दोन महिन्यांनी परत मोजणार आहेत. तोवर तुमचं ऐकायचंय. कशावरून कळलं, पुढे काय काय झालं? घरगुती उपाय नकोत, अनुभव लिहा.

माझं उलट
मला रक्त कधीच आलं नाही, त्यामुळे हिरड्या ठणठणीत अशी माझी खात्री होती. वीस वर्षं रोज दहा-बारा सिगरेटी. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आत आजार असला तरी रक्त फारसं दिसत नाही, हे फार उशिरा समजलं. मला कळलं ते फोटोवरून. भाचीच्या लग्नातल्या फोटोत खालच्या दोन पुढच्या दातांत सरळ फट दिसत होती. आधीच्या फोटोंत ती नव्हती. म्हणजे दात सरकले होते. त्यातले दोन काढावे लागले. सिगरेट सोडली तेव्हा काही आठवडे उलट रक्त यायला लागलं. घाबरून डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, हिरडीला रक्तपुरवठा परत नीट सुरू होतोय, काळजी नको.

वास
मला बायकोनं सांगितलं. आधी तिनं सहा महिने नुसतीच च्युइंगम आणून ठेवली होती. एवढंच लिहितो.

स्केलिंगने दात सैल होतात की नाही?
मला चांगलाच अनुभव आहे आणि तो वाईट आहे. स्केलिंगच्या आधी दात घट्ट होते. करून आल्यावर जीभ फिरवली तर दातांमध्ये फटी, गार पाणी प्यायलं की झिणझिण्या, आणि एक दात चक्क हलतोय. पैसे देऊन दुखणं विकत घेतलं. म्हणजे ही सफाई करायचीच नाही का?

वरच्या शंकेबद्दल
मी दंतवैद्य आहे, त्यामुळे अनुभव खुर्चीच्या दुसऱ्या बाजूचा. त्या फटी आधीपासून होत्या, किटणाने बुजल्या होत्या. हाड झिजलेलं असताना दाताला किटणाचा टेकू असतो. तो काढला की खरी परिस्थिती दिसते आणि दोष आमच्यावर येतो. झिणझिण्या बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. हिरडीची सूज उतरली की दात पुन्हा थोडा घट्ट लागू शकतो. नाही लागला तर मात्र दाखवायला जा.

एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1965 साली हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात साफ करणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई परत सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणून रक्त येतं त्या जागी ब्रश टाळू नका. तिथेच तो नीट फिरवायला हवा. जोर न लावता, हिरडीच्या कडेला तिरका धरून.

शुगर अशी सापडली
हिरडीला वर्षभरात तीन वेळा गळू. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक, आठ दिवस बरं, पुन्हा तेच. (किटण तिथेच असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. हे मला पहिल्या दोन डॉक्टरांपैकी कोणी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.) तिसऱ्यांनी तोंडात बघून विचारलं, "शुगर कधी तपासलीत?" कधीच नाही. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 9.2 निघालं. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात यायला त्रास होतो, असं दुहेरी आहे. आता 7.1 आहे. त्याचं श्रेय हिरड्यांच्या उपचाराला किती, गोळ्यांना किती आणि चालण्याला किती, ते मी वाटायला बसत नाही. गळू परत आलं नाही.

नाव ऐकूनच घाम फुटला
पाचव्या महिन्यात दोन दातांच्या मध्ये लालभडक मांसल गाठ आली. हात लावला की भळाभळा रक्त. डॉक्टर म्हणाले "प्रेग्नन्सी ट्यूमर". ट्यूमर! मी तिथेच रडले. मग त्यांनी सांगितलं की हा कॅन्सर नसतो. गरोदरपणातल्या हॉर्मोन्समुळे हिरडी साचलेल्या थरावर जरा जास्तच चिडते. दुसऱ्या तिमाहीत हलकी सफाई केली, बाळंतपणानंतर गाठ आपोआप आटली. हे नाव बदलायला हवं कोणीतरी.

बाबांच्या हिरड्या वाढल्या
बाबांच्या हिरड्या दातांवर चढत चालल्या होत्या, निम्मे दात झाकले गेले. कारण निघालं बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. फिट्सच्या फेनिटॉइननेही असं होऊ शकतं म्हणे. त्यांनी परस्पर गोळी बंद केली आणि बीपी भलतंच चढलं. तेव्हा असं काही दिसलं तर ज्यांनी गोळी दिली त्यांच्याकडेच जा. आमची त्यांनी बदलून दिली, सोबत सफाई झाली, सूज बरीच उतरली.

चूळ भरायचं औषध
क्लोरहेक्झिडिन दोन आठवड्यांसाठी लिहून दिलं होतं, मी आवडीनं चार महिने वापरलं. दात तपकिरी झाले, जेवणाची चव गेली. खिशाच्या तळापर्यंत ते पोचतही नाही. मला खरा फरक पडला दातांच्या फटीत घालायच्या छोट्या ब्रशने. पहिल्या दिवशी तो बाहेर काढून वास घेतला. तुम्हीही घेऊन बघा, मग आळस होत नाही. फटीप्रमाणे माप लागतं. रेटून घालायचा नाही, माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

धागाकर्ती पुन्हा
काल मोजणी झाली. या वेळी मी आकडे कान देऊन ऐकले. पाच, चार, सहा होतं तिथे आता तीन, तीन, चार. रक्त दोनच जागी आलं. सात होता तो सहावर थांबलाय. तिथे हिरडी उघडून आतून साफ करायची, फ्लॅप सर्जरी, असं त्या सुचवतायत. मी तीन महिने मागून घेतलेत, तेवढ्यात त्या दाढेच्या मागे तो छोटा ब्रश जातो का बघते. आरशात दिसत नाही, जिभेच्या अंदाजाने घालावा लागतो. कोणी ही सर्जरी केली असेल तर नंतरचे आठ दिवस कसे गेले ते लिहा. आणि ते फिलिंग अजून राहिलंच आहे.