सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, कंपाउंडमधली झाडं आणि मोकळी माती कशी वाचवायची?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. आमची मुलुंड पूर्वेला सोसायटी आहे, सत्तरच्या दशकातली, तळमजला अधिक तीन, प्लॉट साधारण २१०० चौरस मीटर. रिडेव्हलपमेंटचं सगळं ठरलंय, बिल्डर फायनल झालाय, आता डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट फिरतोय. मागच्या जनरल बॉडीत प्लॅन दाखवला, कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं, पार्किंग सगळ्यावर रात्री अकरापर्यंत चर्चा झाली पण झाडांचा विषय कोणी काढलाच नाही. मी विचारलं तर सांगितलं की काळजी करू नका, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, मस्त लँडस्केप गार्डन आहे, हा बघा थ्रीडी व्ह्यू.

आमच्या मागच्या बाजूला फणस आहे, दोन आंबे आहेत, भिंतीला लागून नारळाची रांग आणि गेटजवळ मोठा रेन ट्री. फणस तर असा की मुळांनी पेव्हर ब्लॉक वर उचललेत आणि फळं एवढी खाली लागतात की पोरं हात लावून जातात, मे महिन्यात कोणीतरी सुरीला तेल लावून कापायला बसतं आणि गरे सगळ्या घरी जातात. नवीन प्लॅनमध्ये फणसाच्या जागी पार्किंगचा रॅम्प आहे.

मला विचारायचंय की जमिनीवर किती जागा मोकळी सोडायलाच लागते, याचा काही नियम आहे की नाही? पोडियमवरची बाग त्यात धरतात का? आणि ॲग्रीमेंटवर सह्या व्हायच्या आधी काय काय लिहून घ्यावं? ज्यांच्या सोसायट्या यातून गेल्यात त्यांनी प्लीज सांगा.

ड्राफ्टिंगबोर्ड

आर्किटेक्ट आहे, मुंबईतच काम करतो. आधी नियम सांगतो, मग खरी अडचण कुठे येते ते.

मुंबईला डीसीपीआर २०३४ म्हणजे बांधकामाची विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, २०१८ पासून. त्यात एलओएस म्हणजे लेआउट ओपन स्पेस, ज्याला आधी सगळे आरजी (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणायचे, ती प्लॉटच्या साइजप्रमाणे ठरते. १००१ ते २५०० चौरस मीटरला १५ टक्के, त्याच्यापुढे १० हजारपर्यंत २० टक्के आणि १० हजारांच्या वर २५ टक्के. तुम्हाला १५ टक्के म्हणजे ३१५ चौरस मीटर. आता पोडियमचं. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की नियमातली किमान मोकळी जागा जमिनीवरच पाहिजे, पोडियमवर नेऊन चालणार नाही. पण तो निकाल जुन्या १९९१ च्या नियमावलीवर होता. नव्या नियमावलीत वाटणी करून टाकलीय, एलओएसचा निदान ६० टक्के भाग जमिनीवर आणि त्यातला निम्मा थेट मातीवर, नियमात शब्दच मदर अर्थ असा आहे, म्हणजे खाली बेसमेंट नाही, टाकी नाही, पाणी सरळ मुरलं पाहिजे. उरलेला ४० टक्के पोडियमवर चालतो.

हिशोब करा. ३१५ चे ६० टक्के १८९, त्याचे निम्मे साडेचौऱ्याण्णव. २१०० मीटरच्या प्लॉटवर नियमाने हक्काची खरी माती ९५ चौरस मीटरसुद्धा नाही. आणि झाडं किती लावायची तर एलओएसच्या दर १०० चौरस मीटरला पाच, म्हणजे तुम्हाला निदान सोळा. ती अख्ख्या प्लॉटवर कुठेही लावायची मुभा असते पण बाकीच्या प्लॉटवर माती असते कुठे? रिडेव्हलपमेंटच्या स्कीमप्रमाणे सवलतीही मागितल्या जातात, त्यामुळे तुमचा प्रपोजल कुठल्या रेग्युलेशनखाली आहे आणि एलओएसमध्ये काही सूट मागितलीय का हे आधी लेखी विचारा.

बाकीची माती कुठे जाते ते सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. बेसमेंट प्लॉटच्या हद्दीपासून दीड मीटरपर्यंत नेता येतं, म्हणजे तुमच्या नारळांची रांग आहे तेवढीच पट्टी. आणि बिल्डिंग उंच झाली की अग्निशमनाच्या गाडीसाठी सहा मीटर मोकळं, टणक, गाडीचं वजन पेलेल असं मार्जिन लागतं, तिथे झाड चालत नाही आणि त्यावर तडजोड मागूही नका, तो जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे खेळायला जागा एकच, बेसमेंटची आउटलाइन. बेसमेंट एका कोपऱ्यात आत घ्यायला लावा आणि सगळा मदर अर्थचा तुकडा तिथे एकत्र करा, चार ठिकाणी दोन-दोन मीटरच्या चिंधड्या करू देऊ नका. नव्वद मीटर सलग माती असेल तर तिथे दोनतीन मोठी झाडं पिढ्यान् पिढ्या उभी राहतील.

बोरिवली_कमिटी

आमची सोसायटी यातून गेलीय, मी कमिटीत होतो म्हणून अगदी कळकळीने सांगतोय. सही व्हायच्या आधी जे मिळेल तेच मिळतं, नंतर सगळे आपापल्या भाड्याच्या घरात पांगतात आणि साइटवर कोणी फिरकत नाही.

आमच्याकडे ओसीच्या, म्हणजे राहायला जायच्या दाखल्याच्या वेळी उद्यान खात्याची एनओसी लागते म्हणून आदल्या आठवड्यात टेम्पो भरून रोपं आली, पटापट खड्डे केले, आत डेब्रिजच होतं, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे, त्याच्यावर वीतभर लाल माती. बॉटल पाम आणि फायकस. पहिल्या उन्हाळ्यात अर्धी गेली. कागदावर संख्या बरोबर होती त्यामुळे कोणाला काही म्हणताही येईना.

तर ॲग्रीमेंटमध्ये संख्या लिहू नका, जागा आणि माती लिहा. मदर अर्थचा नकाशा मापांसकट ॲनेक्सर म्हणून जोडा, तिथे डेब्रिज टाकायचं नाही, साइट ऑफिस, लेबर कॅम्प, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी धुणं यातलं काही नाही. खोदाई सुरू व्हायच्या आधी वरची वीतभर काळी माती काढून वेगळी झाकून ठेवायची आणि शेवटी परत टाकायची. जी झाडं ठेवायचीत त्यांची नंबरसकट यादी जोडा, फोटो, खोडाचा घेर सगळं. झाड मेलं तर काय, याची रक्कम बँक गॅरंटीतून वळती होईल असं लिहा, निदान तीन वर्षांसाठी. आणि तुमच्या पीएमसीच्या, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट कन्सल्टंटच्या रिपोर्टमध्ये दर महिन्याला झाडांचा एक रकाना असू द्या.

पार्किंगचंही बोलायलाच पाहिजे कारण झाडं खरं तर तिथेच जातात. आमच्याकडे प्रत्येकाला दोन गाड्या हव्या होत्या. एक गाडी कमी मागितली असती तर रॅम्प आणि अर्धं बेसमेंट वाचलं असतं. पझल किंवा टॉवर पार्किंगला, म्हणजे यंत्राने एकावर एक गाड्या ठेवायच्या पार्किंगला, मेंटेनन्स आहे हे खरंय, पण जमीन मोकळी राहते, तुमच्या लोकांना दोन्हीचे आकडे समोर ठेवून विचारा तरी.

रानवाटा

बॉटनी शिकवते, आणि शहरातली झाडं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडं लांबतंय.

लोकांना वाटतं खोड वाचवलं की झाड वाचलं. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या दोनतीन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. शोअर पायलिंगसाठी, म्हणजे खड्ड्याची कड धरून ठेवणाऱ्या खांबांसाठी, एका बाजूची मुळं तोडली, वरून डंपर फिरवून माती दाबली, की झाड लगेच मरत नाही, दोनतीन पावसाळे हिरवं दिसतं आणि मग वरून वाळायला लागतं, तोपर्यंत ओसी होऊन गेलेलं असतं. म्हणून पत्र्याचं कुंपण खोडाभोवती नको, फांद्यांच्या टोकाखाली पाहिजे. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१३ ला दिल्लीच्या केसमध्ये खोडाभोवती एक मीटर काँक्रीट नको असं सांगितलंय, ते अगदी किमान आहे, मोठ्या झाडाला तेवढ्याने भागत नाही.

ट्रान्सप्लांट करतो म्हणतील, त्यावर विसंबू नका. नारळ जातो कारण त्याच्या मुळांचा गड्डा आटोपशीर असतो. पन्नास वर्षांचा फणस किंवा आंबा उपटून दुसरीकडे जगणं फार अवघड, सोटमूळ तुटतंच. मेट्रो ३ साठी हलवलेल्या झाडांचं काय झालं ते मुंबईने बघितलंय.

पोडियमबद्दल. मध्यम झाडाला निदान चार फूट खोल माती लागते. ओल्या मातीचं वजन घनमीटरला पावणेदोन-दोन टन धरा, म्हणजे एका चौरस मीटर स्लॅबवर सव्वादोन टन नुसती माती. एवढा लोड स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आधीपासून धरला असेल तरच झाड, नाहीतर दीड फुटात हिरवळ आणि झुडपं. थ्रीडी व्ह्यूमध्ये गुलमोहर दाखवतात, तुम्ही फक्त विचारा की पोडियमचा स्लॅब किती मातीसाठी डिझाइन केलाय आणि मुळं अडवणारा थर वॉटरप्रूफिंगवर आहे का. तिथे पारिजातक, कुंती, तगर, कढीपत्ता, लिंबू छान येतात. खालच्या खऱ्या मातीत बकुळ, ताम्हण, पुत्रंजीवा, करंज, बहावा. कोनोकार्पस कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय.

आणि रेन ट्रीची तब्येत तपासून घ्या, मुंबईतले कितीतरी रेन ट्री मिलीबग या किडीने गेलेत. तो पोखरला असेल तर ताकद फणसासाठी लावा.

कोथरूडकर

तुमच्याकडे निदान १५ टक्के तरी आहे! मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला २०२० ची यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागते, त्यात १० टक्के ओपन स्पेस, तीसुद्धा प्लॉट ४००० चौरस मीटर किंवा मोठा असला तर. पुण्यात कोथरूड, एरंडवण्यात जे बंगल्यांचे आणि छोट्या सोसायट्यांचे प्लॉट पडतायत ते सगळे त्याच्या आतले. म्हणजे आंबा, चिकू, सीताफळ असलेली आख्खी परसं जातात आणि त्याबदल्यात बाग ठेवायचं बंधनच नाही, साइड मार्जिन तेवढी, त्यात गाड्या. एकेक प्लॉट लहान आहे म्हणून नियम सोडून देतो, पण गल्लीतले सगळे प्लॉट मिळून केवढी मोठी बाग होती ती! पूर्वी पाऊस परसात मुरायचा, आता सगळं पाणी रस्त्यावर येतं. लहान प्लॉटलाही मातीचा काही टक्का सक्तीचा पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

टेम्सकाठ

लंडनला प्लॅनिंगमध्ये काम करते, मूळची डोंबिवलीची. इथे २०२१ च्या लंडन प्लॅनमध्ये अर्बन ग्रीनिंग फॅक्टर आलाय, घरांच्या मोठ्या प्रोजेक्टला ०.४ स्कोअर अपेक्षित असतो. प्रत्येक पृष्ठभागाला गुण आहेत, काँक्रीटला शून्य, पाणी झिरपणाऱ्या पेव्हिंगला ०.१, लॉनला ०.४. झाडाचं बघा, खड्डे एकमेकांना जोडलेले आणि आत पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेराच्या दोन तृतीयांशाला पुरेल एवढी माती असेल तर ०.८, कमी माती असेल तर ०.६. म्हणजे रोप मोजत नाहीत, त्याला माती किती दिली ते मोजतात. मुंबईच्या २०२२ च्या क्लायमेट ॲक्शन प्लॅनमध्येही अर्बन ग्रीनिंग हा वेगळा विभाग आहे, तर असा काही फॅक्टर डीसीपीआरमध्ये यावा म्हणून हरकती-सूचनांच्या वेळी लोकांनी मागणी करायला हवी.

मुलुंडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर आमच्या कोणत्याच मीटिंगमध्ये कळलं नव्हतं. आजच पीएमसीला मेल टाकला, स्लॅबचा लोड, बेसमेंटची आउटलाइन आणि कुठलं रेग्युलेशन ते विचारलंय. अजून एक, फणस मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार मीटरवर आहे. तो वाचू शकेल का? आणि तोडायची परवानगी मागितलीच तर आम्ही रहिवासी हरकत घेऊ शकतो का?

ड्राफ्टिंगबोर्ड

हरकत घेता येते. झाडं तोडायची परवानगी १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडून लागते, झाडावर नोटीस चिकटवतात, पेपरात जाहिरात येते, आणि मुदतीत लेखी हरकत द्यायची, भायखळ्याला राणीच्या बागेत उद्यान अधीक्षकांचं ऑफिस आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरलं जातं आणि तोडलंच तर जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, सहा ते आठ फुटी, जिओटॅग करून, सात वर्षं सांभाळून. म्हणून वय सिद्ध करा. बिल्डिंगच्या सुरुवातीच्या काळातले कोणाकडे वास्तुशांतीचे, मुंजीचे फोटो असतील ज्यात फणस दिसतोय, ते गोळा करा, हरकतीला जोडा.

साडेचार मीटर म्हणजे तो फायर मार्जिनमध्ये येतोय, तिथेच खरी गोची आहे. पण अग्निशमनाची गाडी चारही बाजूंनी फिरलीच पाहिजे असं प्रत्येक प्लॉटवर नसतं, रस्त्याकडून आणि एका बाजूने पोच देऊन प्लॅन बसतो का ते फायर कन्सल्टंटला विचारायला लावा. बसत असेल तर रॅम्प आरशातल्यासारखा दुसऱ्या बाजूला फिरवायचा आणि मदर अर्थचा सगळा तुकडा फणसाभोवती घ्यायचा. नंतर आयओडी, म्हणजे पालिकेची प्लॅनला पहिली मंजुरी, निघाली की बदलाला पुन्हा फी, पुन्हा मंजुरी, तेव्हा कोणी ऐकत नाही. आत्ता फक्त ड्रॉइंग बदलायचंय, दोन दिवसांचं काम आहे. सर्व्हे प्लॅनवर झाडाची जागा आणि घेर नीट दाखवलाय का ते मात्र उद्याच बघा, बऱ्याच वेळा झाड सर्व्हेतच नसतं.