शब्दचर्चा : ‘ज्योतीजोत’, ‘शहीदी’ आणि ‘समाधी’

विचारणा

मराठी दिनदर्शिकेत ‘गुरुनानक जयंती’ असे छापलेले असते, वृत्तपत्रांत गुरू तेगबहादूर यांची ‘पुण्यतिथी’ वाचायला मिळते आणि नांदेडविषयीच्या लेखांत ‘गुरू गोविंदसिंगांनी येथे समाधी घेतली’ असे वाक्य सर्रास आढळते. शीख मंडळी मात्र प्रकाशपर्व, शहीदी गुरुपर्व, ज्योतीजोत असे शब्द योजतात. हे निव्वळ पर्यायी शब्द आहेत, की अर्थातही अंतर आहे?

उत्तर

‘जयंती’बद्दल वाद घालण्यासारखे फारसे काही नाही. ‘प्रकाशपर्व’ अधिक नेमका शब्द आहे, पण ‘जयंती’ लिहिल्याने अर्थ बिघडत नाही. खरा प्रश्न देहावसानाच्या शब्दांचा आहे.

‘ज्योतीजोत समाणे’ म्हणजे ज्योत ज्योतीत मिसळून जाणे. हा केवळ आदरार्थी वाक्प्रचार नव्हे, त्यामागे गुरुपरंपरेची एक ठाम धारणा आहे. 1539 मध्ये कर्तारपूर येथे गुरू नानकांनी आपल्या मुलांना बाजूला ठेवून लहणा या शिष्याला ‘अंगद’ असे नाव देऊन गुरुगद्दी सोपवली. या प्रसंगाविषयी सत्ता आणि बलवंड या गायकांच्या रचनेत म्हटले आहे : ‘जोति ओहा, जुगति साइ, सहि काइआ फेरि पलटीऐ’, म्हणजे ज्योत तीच, रीत तीच, धन्याने फक्त काया पालटली. म्हणूनच पुढच्या गुरूंनीही आपल्या पदांत ‘नानक’ हीच नाममुद्रा ठेवली आणि ‘गुरू ग्रंथ साहिब’ या शिखांच्या पवित्र ग्रंथात कोणते पद कोणाचे हे ‘महला’ या शब्दापुढील अंकावरून ओळखावे लागते. महला 5 म्हणजे गुरू अर्जनदेव, महला 9 म्हणजे गुरू तेगबहादूर. ‘पुण्यतिथी’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु त्यात एक आयुष्य संपल्याची नोंद होते आणि ज्योत पुढे गेल्याची नोंद राहून जाते.

दोन गुरूंच्या बाबतीत शीख ‘शहीदी’ असेच म्हणतात : 1606 मध्ये लाहोरला गुरू अर्जनदेव आणि 1675 मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर. ‘शहीद’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ साक्ष देणारा असा आहे. मराठीत ‘बलिदान दिन’ किंवा ‘हौतात्म्य दिन’ हे दोन्ही चालतील. ‘पुण्यतिथी’ मात्र येथे फारच मवाळ वाटते. गुरू तेगबहादूर यांच्या मृत्यूचे वर्णन ‘बचित्तर नाटक’ या गुरू गोविंदसिंगांच्या नावावरील काव्यात असे आहे : ‘ठीकर फोरि दिलीस सिरि, प्रभ पुर कीया पयान’. देहाचे खापर दिल्लीपतीच्या डोक्यावर फोडून ते प्रभूच्या नगरीला निघून गेले. ‘खापर फोडणे’ आपल्याकडेही दोष माथी मारण्यासाठीच वापरतात, त्यामुळे या ओळीचा रोख मराठी वाचकाला टीपेवाचून कळावा.

दुसरे मत

‘समाधी’ शिखांना परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. कर्तारपूरच्या दरबार साहिब या गुरुद्वाऱ्यात गुरू नानकांची समाधीही आहे आणि कबरही. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही अनुयायांनी त्यांच्यावरची चादर वाटून घेतली, अशी कथा सांगतात. लाहोरला महाराजा रणजितसिंगांची समाधी आहे.

प्रत्युत्तर

मान्य आहे, पण तेथे ‘समाधी’ म्हणजे स्मारकाची वास्तू. मराठीत ‘समाधी घेतली’ म्हटले की आळंदीची संजीवन समाधी डोळ्यांसमोर येते, म्हणजे स्वेच्छेने, जिवंतपणी केलेली कृती. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला हल्लेखोराच्या वारानंतर निवर्तले, तेव्हा ‘समाधी घेतली’ हे वाक्य त्या हल्ल्यालाच झाकून टाकते. शिवाय जेथे त्यांचे अंत्यसंस्कार झाले त्या जागेला शीख ‘अंगीठा साहिब’ म्हणतात. नांदेडच्या सचखंड हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या आतल्या दालनात ती जागा आहे आणि तेथे शस्त्रे जतन केलेली आहेत. देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला देण्यात आले तेही नांदेडलाच. 2008 मध्ये त्याला तीनशे वर्षे झाली, तेव्हापासून ‘गुरुता गद्दी’ हा शब्द नांदेडकरांच्या तोंडी पक्का बसला आहे आणि त्याचे ‘गुरुपदारोहण’ असे मराठीकरण करण्याची कोणाला गरज भासलेली नाही, हे बरेच झाले.

एक व्यावहारिक सूचना जोडतो. ‘गुरुपर्व’ हा शब्द प्रकाशपर्वाला लागतो तसा शहीदी दिवसालाही लागतो. त्यामुळे दिनविशेषात ‘गुरुपर्व’ दिसले की लगेच ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहू नयेत. गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवशी ऐन ज्येष्ठाच्या उन्हात रस्त्यावर ‘छबील’ लावून येणाऱ्याजाणाऱ्याला थंड, गोड सरबत देतात. गर्दी आणि आग्रह पाहून नवख्याला तो आनंदाचा सण वाटतो. तेथे ‘विनम्र अभिवादन’ एवढेच लिहावे.