यवतेश्वर घाट आणि अजिंक्यतारा, दोन्हीला एकच बूट चालेल का?

गोडोलीकर: आठवडाभर साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात डांबरी रस्त्यानं पळतो, रविवारी अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायवाटेनं. उतरताना अंगठ्याची नखं काळी पडायला लागलीत. बूट मोठा घेऊ की मोजे बदलू?

मंगळवार तळे: आधी लेस बघा. उतारावर पाय पुढं सरकतो आणि नख बुटाला आपटतं. घोट्याजवळ सगळ्यात वर एक जादा भोक असतं, बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. त्यातून लेस ओवून टाच आवळा. तरी नाही भागलं तर अर्धा नंबर मोठा. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळायचे मोजे घालूनच माप घ्या. सुती मोजे मात्र नकोतच. घाम धरून ठेवतात, मग फोड. नायलॉन-पॉलिएस्टरचे घ्या, बोटांवरची शिवण चाचपून.

शाहूपुरी: किल्ल्याला वेगळा जोड कशाला? खर्चाला वाट नुसती!

मंगळवार तळे: मुरमावरून घसरलात की विचारतो. पावसाळ्यात तळाला ४-५ मिमीचे दाते हवेतच. फक्त असे बूट डांबरावर रोज घालू नका, दाते लवकर झिजतात.

गोडोलीकर: बरं, उद्या लेस बदलून बघतो. नखंही वाढलीत म्हणा.