डिस्नी वर्ल्डमध्ये एकट्याने जेवायचं तर टेबल मागून घ्या

भटकभवानी

ऑर्लँडोच्या कन्व्हेन्शन सेंटरात वर्षभर कसल्या ना कसल्या परिषदा चालू असतात, त्यामुळे कंपनीच्या खर्चाने तिथवर पोचणारी मराठी मंडळी बरीच. परिषद उरकली की शनिवार-रविवार जोडायचा आणि डिस्नी वर्ल्ड बघून घ्यायचं, घरचे सोबत नसले तरी. राइड्सपुरतं एकटं असणं फायद्याचंच आहे. एक्सपिडिशन एव्हरेस्ट किंवा मिलेनियम फाल्कनला 'सिंगल रायडर' म्हणून वेगळी रांग असते. चौघांचं कुटुंब ताटकळत राहतं आणि आपण मध्येच उरलेल्या एका सीटवर बसून मोकळे होतो.

घोडं अडतं जेवणापाशी. आमच्या ऑफिसच्या गटावर एका मुलीने परवा विचारलं, एकटी आहे, जेवायचं कसं करू? झाडून सगळ्यांचा सल्ला एकच: ॲपवरून मोबाइल ऑर्डर टाक, खिडकीवरून बर्गर उचल, बाकावर बसून खा आणि पुढच्या राइडला पळ.

मला हा सल्ला साफ नामंजूर आहे. शंभराच्या वर डॉलरचं तिकीट काढून, फ्लोरिडाच्या दमट उन्हात दिवसभर पायपीट केल्यावर दिवसातलं एक जेवण तरी पाठ टेकून, गार हवेत, कुणीतरी आणून वाढलेलं असावं. माणूस एकटा आहे म्हणून त्यात काटछाट कशाला?

माझी आवडती जागा सांगते. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्याच हॉटेलच्या किडानी व्हिलेज इमारतीत 'साना' नावाचं रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी जेवण, त्याला भारतीय मसाल्यांची फोडणी. खिडकीबाहेर गवताळ रान, त्यात जिराफ आणि झेब्रे चरत असतात, म्हणून सूर्य मावळायच्या आत जायचं. अंधार पडला की काचेत फक्त आपलंच तोंड दिसतं. तिथली 'ब्रेड सर्व्हिस' नावाजलेली: साधा नान, आलं-लसणाचा नान, मसाला नान, कांदा कुलचा, पनीर पराठा, आणि सोबत नऊ वाट्या. काकडीचा रायता, आंब्याची, चिंचेची, कोथिंबिरीची चटणी, टोमॅटो-खजुराचा जॅम, लसणाचं लोणचं, हालापेन्यो-लिंबाचं लोणचं, वगैरे वगैरे. ते शेवटचं चांगलं झणझणीत असतं, अमेरिकन जिभेची भीड न ठेवता केलेलं. मी एकटीने सगळं समोर मांडून घेतलं आणि तब्येतीत जेवले. शेजारच्या टेबलावर दोन पोरांना भरवता भरवता आईबापांचं जेवण गारढोण झालं होतं.

जागा मिळवायचं तंत्र आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; डिस्नीच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना त्या दिवशी पुढच्या मुक्कामाचंही, जास्तीत जास्त १० दिवसांचं, एकदम करता येतं. ॲपमध्ये माणसं '१' टाकली की पुष्कळदा काहीच दिसत नाही. तरी नाद सोडू नका. दुपारी तीन-साडेतीनला वॉक-अप यादीत, म्हणजे आरक्षण नसलेल्यांच्या त्याच दिवशीच्या यादीत, नाव घाला, किंवा लाउंजमध्ये जाऊन बसा. बारचा काउंटर मलाही चालतो, पण मी निवडला तर. 'एकट्या आहात ना, मग तिकडे स्टुलावर बसा' हे होस्टने परस्पर ठरवायचं नाही. टेबल रिकामं असेल तर टेबल मागायचं, स्पष्ट शब्दांत.

हिशेबनीस

साना तुम्हाला लखलाभ. वीसेक डॉलर मोजून चटण्या-लोणचीच खायची तर आमच्या घरी या, फुकट वाढतो.

आता हिशेब. ४० डॉलरचं जेवण. साडेसहा टक्के विक्रीकर, २.६०. वीस टक्के टिप, ८. झाले ५०.६०. चौघं असते तर ती ब्रेड सर्व्हिस मध्ये ठेवून सगळ्यांनी मोडून खाल्ली असती. एकट्याला वाटून खायची सोय नाही, त्यामुळे एक तर पाचही नान पोटात ढकला नाहीतर पैसे पानात टाका. मिकी-मिनी टेबलापाशी येतात त्या जेवणांची तर बातच सोडा. माणशी पन्नासच्या वर मोजायचे आणि आपण खाणार दोन वॅफल नि अननसाच्या चार फोडी.

एकट्याची खरी चंगळ एपकॉट या डिस्नी वर्ल्डमधल्याच पार्कात. तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग, आणि फूड अँड वाइन फेस्टिवल चालू असेल तर जागोजागी टपऱ्या. छोट्या बशा, आरक्षणाची कटकट नाही, तासाभरात चार देशांचं चाखून होतं. बसायला नाही मिळालं तर कचरापेटीच्या झाकणावर बशी ठेवून खातात लोक, कोट्यधीशसुद्धा.

आणि टेबल मागा म्हणताय तर बाहेर दोन लेकरं घेऊन उभ्या असलेल्यांचाही विचार करा. चौघांचं टेबल एकाने अडवायचं आणि वर हक्काची भाषा!

तर्रीबाज

हिशेबनीस, पत्ता द्या. चटण्या राहू द्या, लोणचं कसलं आहे?

टेबलखुर्ची

चौघांच्या टेबलाचा मुद्दा कुणीतरी आणणारच होतं. माझा मावसभाऊ फ्लोरिडात एका हॉटेलात वाढपी आहे (डिस्नीत नव्हे). तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला इतरांपेक्षा तासाला ३.०२ डॉलर कमी किमान वेतन देता येतं. ती तूट टिपेतून भरून निघते असं कायदा धरून चालतो. म्हणजे टेबलावर एकटा माणूस बसला की झळ मालकाआधी वाढप्याला. चौघांच्या १६० डॉलरच्या बिलावर ३२ सुटले असते, तिथे ४० वर ८.

पण त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. एकटा माणूस पाऊण तासात जेवून उठतो. पोराबाळांचं कुटुंब दीड-दोन तास हलत नाही, सांडलेला ज्यूस पुसा, क्रेयॉन आणून द्या, बिल तीन कार्डांवर फोडा. दुपारी तीनला निम्मी टेबलं ओस असतात, तेव्हा एकटा आला की त्याला आनंदच होतो. तोच संध्याकाळी साडेसहाला आला की कपाळावर आठी. तेव्हा भटकभवानी म्हणतात ते खरं, पण घड्याळ बघून. गर्दीत बारवर बसायला सांगितलं तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि टिप द्या रे बाबांनो. 'आमच्याकडे पद्धत नाही' हे तिकडे ऐकवू नका.

भटकभवानी

गर्दीच्या वेळी टेबल रिकामं नसतंच, तेव्हा तो वाद आपोआप मिटतो. मी बोलतेय ते रिकामी टेबलं ढळढळीत दिसत असताना कोपऱ्यात कोंबतात त्याबद्दल. तिकडच्याच एका हॉटेलात (नाव नको) मला लहान मुलांच्या उंच खुर्च्या एकात एक रचून ठेवतात त्या ढिगाला चिकटून बसवलं होतं. दर दोन मिनिटांनी कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात घालून एक खुर्ची ओढून नेई. मी खिडकीकडे बोट दाखवून 'ते मिळेल का' विचारलं. मिळालं! भांडावं लागत नाही, तोंड उघडावं लागतं.

हिशेबनीस, चौघांचं टेबल अडवायचं नसेल तर एपकॉटमध्येच जपानच्या विभागात टेपन एडो आहे. तव्याभोवती आठ जण बसतात, अनोळखी लोक एकत्र, आचारी समोर भाज्या परततो. तिथे एकटा माणूस कुणाची जागा खात नाही, उलट उरलेली एक खुर्ची भरतो. जर्मनीच्या विभागातल्या बीअरगार्टनमध्येही लांब टेबलांवर असंच बसवतात. आपल्याकडे उडप्याच्या हॉटेलात 'शेअरिंग चालेल ना?' म्हणून समोर आणून बसवतात, त्याचीच श्रीमंत आवृत्ती.

निवांत_नाना

पैशाचा वाद तुम्ही घाला. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे.

मी साठी उलटलेला विधुर. एकट्याने हिंडायची, एकट्याने जेवायची सवय आहे. दादरला, लंडनला, न्यूयॉर्कला, कुठेही. कुणाचं लक्ष नसतं आणि तेच सुख असतं. थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये नेमकं ते मिळत नाही. डिस्नी वर्ल्डमध्ये वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिलीच भेट, असे बिल्ले फुकट वाटतात. छातीवर बिल्ला नसलेला माणूस दिसला की वाढपी प्रेमाने विचारतो, आज काय साजरं करताय? काही नाही हो. भूक लागलीय.

मुलीच्या आग्रहाखातर अशाच एका रिसॉर्टमध्ये (कुठल्या ते राहू द्या) पात्रं टेबलाशी येतात त्या जेवणाला गेलो. मोठ्या डोक्याचं एक पात्र आलं ते सरळ माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसलं आणि हाताने खुणा करून विचारायला लागलं, बाकीचे कुठायत? ती पात्रं बोलत नाहीत, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर. मी आपलं ताटातल्या ऑम्लेटकडे बोट दाखवलं. शेजारची पोरं खिदळली. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही सांगतो. पुढे अर्धा तास दर पाच मिनिटांनी कुणीतरी चौकशी करून जात होतं. कुणी फुगा आणून दिला.

त्यापेक्षा फूड कोर्टातला कोपरा बरा. ट्रे घ्यावा, पेयाचा मग स्वतःच भरावा; पैसे भरल्याची नोंद असलेला तो चिपवाला मग नळाखाली धरला की यंत्र काही विचारत नाही. भटकभवानी, तुम्ही टेबल जरूर मागा. पण न मागणाऱ्याला भिडस्त समजू नका.

ओसाकाची_ओसरी

नानांचा फुगा वाचून हसू आलं, माफ करा. पण हे थीम पार्कमुळे नाही, अमेरिकन अगत्यामुळे होतं असं माझं मत. टोकियो डिस्नीलँड १९८३ सालचं, चालवते ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी. तिथे मिकीचे कान लावून एकटेच आलेले, एकटेच जेवणारे मोठे लोक सर्रास दिसतात. काही जण समोर बाहुली ठेवून तिचे फोटो काढत निवांत जेवत असतात. कुणी वळून बघत नाही, कुणी फुगाही आणत नाही. टेबलासाठी तिथे 'प्रायॉरिटी सीटिंग', म्हणजे आगाऊ वेळ, घ्यावं लागतं, एकासाठीही मागता येतं.

तिथे अडचण एकटेपणाची नाही, शाकाहाराची आहे. सूपमध्ये काय आहे विचारलं की माशाचा अर्क निघतो. मी एकदा पॉपकॉर्नवर दिवस काढलाय, पण तो विषय वेगळा.

जुगाडू

ॲपमध्ये एकासाठी दिसत नाही ना? दोघांचं करा. दारात सांगायचं, सोबतीचं पोट बिघडलं. विषय संपला.

टेबलखुर्ची

नका करू असलं. दोन माणसांची टिप धरून वाढप्याला ते टेबल दिलेलं असतं. आणि वेळेत रद्द न करता गेलाच नाहीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर कार्डावरून कापतात. दोघांचं केलं असेल तर वीस.

हिशेबनीस

+१. या बाबतीत टेबलखुर्चींशी सहमत. खोटं बोलून चटण्या खाऊ नयेत.

मुगाची_खिचडी

धाग्यात बारच्या स्टुलाला बरंच हिणवून झालं, म्हणून लिहिते. मी मद्य घेत नाही, अंडंही नाही. पहिल्यांदा बारवर बसायचं म्हणजे आमच्याकडच्या कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं होतंच. पण एकट्या बाईला तीच जागा सर्वांत सोयीची वाटली. बारटेंडर कायम समोर असतो, त्यामुळे पाणी मागायला मान उंच करून बसावं लागत नाही. बिल चटकन येतं. शेजारी बसलेला माणूसही बहुधा एकटाच असतो आणि फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. नाना, तिथे पात्रं येत नाहीत!

पैशाचंही तेच. एपकॉटच्या 'स्पेस २२०' या अंतराळस्थानकासारख्या सजवलेल्या रेस्टॉरंटमध्ये मुख्य हॉलात ठरावीक रकमेचं अख्खं जेवण घ्यावं लागतं, तर लाउंजमध्ये एकेक पदार्थ मागवता येतो. अंतराळातल्या खिडकीचा देखावा दोन्हीकडे तोच. ॲनिमल किंगडम पार्कातलं नोमॅड लाउंज तर मला तिथल्या मोठ्या हॉटेलांपेक्षा आवडलं. मेनूवर पानाचं चिन्ह असलं की तो पदार्थ वनस्पतिजन्य, त्यात दूधतूपही नाही. ॲलर्जी असेल तर सांगा, शेफ स्वतः बाहेर येऊन बोलतो, एकट्या माणसासाठीसुद्धा.

त्यामुळे भटकभवानी, टेबल मागण्याचा हट्ट मला काही कळला नाही. खिडकी हवी म्हणा, ते समजू शकते.

भटकभवानी

खिडकीच हवी. जिराफ स्टुलावरून नीट दिसत नाही.

हिशेबनीस

नोव्हेंबरात माझीच परिषद आहे ऑर्लँडोला. सहज विचारतो, जाणार आहे असं नाही: माझं बुकिंग डिस्नीच्या पॉप सेंच्युरी हॉटेलात आहे, तिथून सानाला बस मिळते का?

भटकभवानी

थेट नाही. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बस जात नाही, आधी एखाद्या पार्कला किंवा डिस्नी स्प्रिंग्स या खरेदी-खाण्याच्या भागात जाऊन तिथून बदलायची. मोनोरेल आणि स्कायलायनर (डिस्नीचा रोपवे) तर ॲनिमल किंगडम लॉजपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा ॲनिमल किंगडम बघाल त्याच दिवशी दुपारी तिथून लॉजची बस धरा. उतरायचं किडानी व्हिलेजच्या थांब्यावर. लॉजच्याच दुसऱ्या इमारतीपाशी, जम्बो हाऊसला, उतरलात तर उरलेलं अंतर चालत. आणि पाचही नान एकट्याने संपवायच्या भानगडीत पडू नका, डबा मागा.