बारा वर्षांखालील फुटबॉल सराव: रांगा हव्यात की छोटे सामने?

पालक, कोथरूड (धागाकर्ता):
शनिवार-रविवारी सकाळी पुण्यातल्या मैदानांवर मुलांचे जे फुटबॉल सराव दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो: मैदानाला फेऱ्या, जमिनीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून (शंकूंमधून) चेंडू नेण्याची रांग आणि वेळ उरलाच तर शेवटी दहा मिनिटे मॅच. बारा वर्षांखालील मुलांसाठी हा क्रम उलटा व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ जणांच्या रांगेत एकाची पाळी संपली की बाकी सात जणांची होईपर्यंत त्याने नुसते उभे राहायचे. मग मागची मुले एकमेकांचे बिब (संघ ओळखण्यासाठी वरून घालायची रंगीत बंडी) ओढतात आणि बेशिस्तीची शिक्षा म्हणून सगळ्यांनाच आणखी एक फेरी मिळते. त्याऐवजी कोन लावून छोटे चौकोन आखावेत आणि चारास चार असे सामने लावावेत. चेंडू सतत पायाशी येतो आणि पास द्यायचा की स्वतः पुढे न्यायचा, हे मुलाला त्या क्षणी स्वतःच ठरवावे लागते. फेऱ्यांच्या जागी फिफाचा ‘११+ किड्स’ हा तोल, उडी आणि पडण्याच्या सात व्यायामांचा वॉर्मअप घ्यावा. तो याच वयासाठी तयार केलेला आहे आणि त्याने दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अभ्यासातून दिसले आहे.

प्रशिक्षक, पिंपरी:
वॉर्मअपबद्दल वाद नाही. बाकीचे मात्र मला मान्य नाही. तीस मुले, एक प्रशिक्षक आणि अर्धे मैदान (उरलेल्या अर्ध्यात क्रिकेटचे नेट) अशा स्थितीत तीन-चार सामने एकाच वेळी चालले, तर कोणाची चूक कोण सुधारणार? शिवाय मुरमाच्या मैदानावर चेंडू वेडावाकडा उसळतो. पहिला स्पर्श (आलेला चेंडू पायाने ताब्यात घेणे) पक्का नसलेल्या मुलाकडून तो लगेच सुटतो आणि दोन धीट मुलेच सामना खेळतात. लाजाळू मुलाला रांगेत निदान त्याची पाळी हमखास मिळते.

माजी खेळाडू, खडकी:
तुम्ही दोघेही चेंडूंच्या संख्येबद्दल बोलत नाही. दर मुलामागे एक चेंडू असेल, आणि तोही पाच नंबरचा नव्हे तर या वयाला साजेसा चार नंबरचा, तर पहिल्या स्पर्शासाठी रांगेची गरजच उरत नाही. सर्वांनी एकाच वेळी आपापल्या चेंडूवर पंधरा मिनिटे काम करावे आणि मग सामने लावावेत. ज्या संस्था भरघोस फी घेऊनही तीस मुलांत सहा चेंडू देतात, त्यांना पालकांनी याचा जाब विचारायला हवा.

पालक, कोथरूड (धागाकर्ता):
चेंडूंचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. लाजाळू मुलांबद्दल मात्र माझे म्हणणे वेगळे आहे: धीट मुलांना एका चौकोनात आणि नवख्यांना दुसऱ्या चौकोनात खेळवले, तर कोणीच दबत नाही. कौशल्यासाठी सामन्यालाच नियम जोडता येतो. उदाहरणार्थ, गोल डाव्या पायाने केला तर दोन धरायचे.

प्रशिक्षक, पिंपरी:
अशी विभागणी महिनाभर टिकली, की ‘आमचा मुलगा कच्च्या गटात का?’ हे विचारायला पालकच येतात. डाव्या पायाचा नियमही मला अपुरा वाटतो, कारण डावा पाय कच्चा असलेला मुलगा त्या सामन्यात गोलवर मारणेच टाळतो. त्याला भिंतीसमोर उभे करून डाव्या पायाने पन्नास पास मारायला लावणे कंटाळवाणे आहे, हे खरे. पण त्या पन्नास पासांत त्याचा घोटा कसा वळतो आणि टेकलेला पाय कुठे पडतो, हे मी शेजारी उभा राहून पाहू शकतो. चार चौकोनांवर एकाच वेळी नजर ठेवताना ते मला दिसत नाही.