इन्फिनियावर गोव्याचं हॉटेल: स्मार्टबायवरून की थेट मॅरियटच्या साइटवरून?

ठाणेकर_कार्डधारक
पणजीच्या गोवा मॅरियटमध्ये डिसेंबरात तीन रात्री, बिल करासकट साधारण ₹45,000. कार्ड एचडीएफसी इन्फिनिया. ॲमेक्स प्लॅटिनम कार्डामुळे मॅरियट गोल्डही (मॅरियटच्या सभासदांची एक वरची श्रेणी) आहे. एचडीएफसीच्या स्मार्टबाय पोर्टलवरून बुक केलं तर गोल्डचे फायदे लागू होतात का?

हिशेबी_पॉइंट
नाही. मॅरियटच्या लेखी स्मार्टबाय हा बाहेरचा एजंट, त्यामुळे ना बॉनव्हॉय पॉइंट (मॅरियटच्या सभासद योजनेचे), ना एलिट नाइट (श्रेणीसाठी मोजली जाणारी रात्र). रिसेप्शनवर मेंबर नंबर टाकून घेतला तरी रात्री मोजल्या जात नाहीत; वर काही दिलंच तर ती हॉटेलची मर्जी.

पण आकडे बघा. इन्फिनियावर ₹150 ला 5 पॉइंट, स्मार्टबायवर हॉटेलला दहापट. ₹45,000 वर 15,000 पॉइंट. थेट बुकिंगला फक्त 1,500. स्मार्टबायवर विमान-हॉटेलला वापरले तर पॉइंटला ₹1 मिळतो, मात्र बिलाच्या 70 टक्क्यांपर्यंतच. थेट बुकिंगला गोल्डच्या 25% बोनससह साडेपाच हजारांच्या आसपास बॉनव्हॉय पॉइंट येतील, तेवढ्याने ही दरी भरत नाही.

गडबड होते ती मर्यादेत. स्मार्टबायचे जादा पॉइंट, म्हणजे नेहमीच्या पॉइंटवर मिळणारे, महिन्याला 15,000 पर्यंतच, आणि त्यातच विमानाचेही धरले जातात. तुमच्या हॉटेलाचे जादा 13,500 होतात. त्याच महिन्यात तिकिटंही काढलीत तर मर्यादेतले उरलेले 1,500 लगेच संपतील. तिकिटं आदल्या महिन्यात काढा.

चेकआउट_दोनला
गोल्डमध्ये गमावण्यासारखं आहेच काय! मॅरियटमध्ये नाश्ता आणि लाउंज त्यांच्याच प्लॅटिनम श्रेणीपासून, म्हणजे वर्षाला 50 रात्रींपासून. गोल्डला दुपारी 2 पर्यंत चेकआउट, तेही खोली रिकामी असेल तर. डिसेंबरच्या गोव्यात ते धरूच नका. फुकट नाश्ता हवा तर त्याच ॲमेक्सवर हिल्टन हॉटेलांची गोल्ड श्रेणी मिळते. भारतात गोल्डला नाश्ता आहे. मात्र ते आपोआप लागत नाही, ॲमेक्सकडे नोंदणी करावी लागते, आणि कार्डावरचं नाव व हिल्टन खात्यातलं नाव तंतोतंत जुळायला हवं. बुकिंग अर्थातच हिल्टनच्या साइटवरून.

हिशेबी_पॉइंट
एक राहिलं: दोन्हीकडचे दर ताडताना मॅरियटचा मेंबर रेट आणि रद्द करण्याच्या अटी सारख्या आहेत का ते बघा. स्मार्टबायवर स्वस्त दिसणारी खोली बऱ्याचदा नॉन-रिफंडेबल असते.

ठाणेकर_कार्डधारक
दोन खोल्या थेट घेतल्या तर सहा एलिट नाइट मिळतील?

चेकआउट_दोनला
तीनच. पॉइंट तीन खोल्यांपर्यंत मिळतात, एलिट नाइट मात्र एकाच खोलीच्या.