गुळातलं सुक्रोज कागदावर दिसेनाच, काय करू?

निपाणीकर_बीएस्सी: प्रोजेक्टला गावच्या गुऱ्हाळातला गूळ आणि काकवी आणलोय, पेपर क्रोमॅटोग्राफीनं (कागदावर सॉल्व्हंट सरकवून) साखरा वेगळ्या करायच्यात. व्हॉटमन नं. १ फिल्टर पेपर, सॉल्व्हंट म्हणून ब्युटेनॉल-ॲसिटिक ॲसिड-पाणी ४:१:५ चा वरचा थर, मग ठिपके दिसायला अनिलिन थॅलेटचा स्प्रे मारून ओव्हनला १०५ वर ५ मिनिटं. ग्लुकोजचा तपकिरी ठिपका झकास येतोय पण सुक्रोजच्या जागी कोरा कागद, आणि गुळात तर तेच जास्त असतंय की ओ? काकवीचा तर ठिपकाच नाही, लांब शेपूट नुसतं. पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे, कोणतरी सांगा.

चिकोडी_लॅब: सुक्रोज कागदावरच आहे बाळा, स्प्रेला दिसत नाही. हा स्प्रे रिड्युसिंग, म्हणजे क्रियाशील टोक मोकळं असलेल्या, साखरांनाच रंग देतो आणि सुक्रोजमध्ये ग्लुकोज-फ्रुक्टोजची रिड्युसिंग टोकं एकमेकांतच अडकलेली. सोबत चालवलेल्या दुसऱ्या पट्टीवर रिसॉर्सिनॉल-एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) चा स्प्रे मारून गरम कर, फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट) हं. ॲसिडनं सुक्रोज जागेवर फुटतं, मग ते आणि फ्रुक्टोज दोन्ही लाल येतात, ग्लुकोज येत नाही. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून वाच.

खानापूरची_ताई: शेपटाचं कारण माल जास्त झालाय. काकवी साधारण १ टक्का साखर राहील इतकी पातळ कर, कॅपिलरीनं बारीक ठिपका, वाळू दे, मग त्यावरच परत. काकवीतले क्षारही ठिपका ओढतात, आयन एक्स्चेंज रेझिन असेल तर त्यातून काढून घे. आणि आरएफ (साखर किती सरकली भागिले सॉल्व्हंट किती सरकलं) बघ, सुक्रोज ०.१४, ग्लुकोज ०.१८, फ्रुक्टोज ०.२३, इतकं जवळजवळ असल्यावर छोट्या जारमध्ये चढवून कसं सुटणार? वरून खाली सोडायची पद्धत घे, खालची कड दातेरी काप आणि सॉल्व्हंट रात्रभर, जमलं तर त्याहून जास्त, ठिबकू दे. सॉल्व्हंट ठिबकून गेल्यावर मग आरएफ निघत नाही, ग्लुकोज किती गेलं त्याच्या प्रमाणात बाकीच्यांचं अंतर लिहायचं. व्हायवाला मार्टिन आणि सिंज विचारतातच, पार्टिशन क्रोमॅटोग्राफी (दोन द्रवांत वाटणी होऊन पदार्थ वेगळे होतात ती) शोधल्याबद्दल त्यांना १९५२ चं नोबेल.

निपाणीकर_बीएस्सी: लई उपकार ताई, सर. मग गुळात जो ग्लुकोज दिसालाय तो कुठनं आला?

चिकोडी_लॅब: थोडा उसातच असतो, बाकी सुक्रोज फुटून. ऊस तोडून पडून राहिला किंवा रस आंबला की हे फुटणं वाढतं, म्हणून तर शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, पाणी धरतो. खरं प्रोजेक्ट इथंच आहे बघ! ताज्या आणि चार दिवस पडलेल्या उसाचा रस एकाच कागदावर सारख्याच मापानं लाव, ग्लुकोजचा ठिपका कुठं गडद येतोय ते गुळव्यालाही दाखव.